चाळकेवाडीचा सरडा पळत का नाही

नोव्हेंबर 2018 मध्ये ‘नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ या नियतकालिकात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरचा एक अभ्यास छापून आला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे व हर्षल भोसले यांनी तो केला होता. पठाराच्या ज्या भागात पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आढळले. सरडे मात्र तिथेच जास्त निघाले. पण हे जास्तीचे सरडे अंगाने खंगलेले, रंगाने फिके आणि माणूस पार जवळ येईपर्यंत जागचे न हलणारे होते. पवनचक्की ही अन्नसाखळीत सगळ्यांत वर बसलेल्या शिकाऱ्यासारखी वागते, हा निष्कर्ष जगभर गाजला. साताऱ्यातल्या एका सरड्याची बातमी देशोदेशी छापून आली, दोन दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला.

मला ती बातमी अपुरी वाटत आली आहे. तिच्यामागे एका खडकाचा, एका दुर्लक्षित सरड्याचा आणि सातबाऱ्यावरच्या एका रकान्याचा इतिहास आहे. तो ठाऊक नसेल, तर न पळणारा सरडा ही एक गमतीदार माहिती ठरते. खरं तर त्या पठारावर काय हरवलं याची नोंद त्या सरड्याच्या अंगावर आहे.

आधी खडक. सातारा शहरातून ठोसेघरच्या रस्त्याने वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा बेसॉल्ट आणि माथ्यावर जांभ्याची टोपी. बेसॉल्टवर लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, त्यातली विरघळणारी द्रव्यं वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहून जो सच्छिद्र, तांबूस थर तयार झाला तो जांभा. याच दगडाला 1807 मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या मलबारमध्ये पाहून ‘लॅटराइट’ हे नाव दिलं. कोकणात अशा माथ्याला सडा म्हणतात, घाटावर पठार. माती कुठे बोटभर, कुठे तीही नाही. जून ते सप्टेंबर सगळं पाण्याखाली, ऑक्टोबरनंतर कोरडं ठणठणीत, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दगडावर हात टेकवत नाही. अशा जागी मोठं झाड मूळ धरत नाही. गवत, काटेरी झुडपं आणि पावसाळ्यातली इवली फुलं, एवढंच. शेजारच्या कास पठाराला या फुलांनीच नाव मिळवून दिलं. 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत कासचा समावेश झाला.

फुलं दिसतात, म्हणून त्यांचं कौतुक होतं. दगडाखालच्या जिवांचं तसं नाही. आंबोलीच्या सड्यावरचा छोटा भेक पावसात जांभ्यावर साचलेल्या उथळ डबक्यात अंडी घालतो. ते डबकं किती दिवस टिकेल याची खात्री नसते. चार दिवस उघडीप पडली की पाणी आटतं आणि पाय फुटण्याआधीच पिल्लं मरतात. म्हणजे त्या पिल्लांची सगळी वाढ उन्हाशी लावलेल्या शर्यतीत होते. त्याचा भाऊबंद कोयनेच्या परिसरातून 1963 मध्येच नोंदवला गेला होता. आंबोलीच्या भेकाला स्वतंत्र नाव मिळायला 2009 साल उजाडलं. तोवर आंबोलीला पावसाळी सहलींची चांगलीच वर्दळ सुरू झालेली होती. देवगांडूळ हा हातपाय नसलेला उभयचर ओल्या मातीत आणि दगडांखाली राहतो. बहुतेक लोक त्याला गांडूळ किंवा सापाचं पिल्लू समजून मारतात. साताऱ्याच्या पठारांवरची जमिनीवर राहणारी एक पाल 2008 मध्ये वरद गिरी आणि ॲरन बॉवर यांनी जगासमोर आणली. तिच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. दिवसा दगडाच्या सावलीला, रात्री भक्ष्याच्या शोधात, असा तिचा दिनक्रम. ज्या पठाराला आपण मोकळं म्हणतो, तिथला एकेक दगड असा कुणाचं तरी घर असतो.

आता सरडा. गळ्याखाली पंखा उघडणाऱ्या या सरड्यांची शास्त्रीय ओळख फ्रान्समधून सुरू होते. जॉर्ज क्युव्हिए याने 1829 मध्ये पुदुच्चेरीच्या नमुन्यावरून ‘सिटाना’ हा वंश नोंदवला. 1870 मध्ये जर्डन या इंग्रज डॉक्टर-निसर्गअभ्यासकाने दख्खनमधला सरडा वेगळा आहे असं सांगून त्याला ‘डेक्कनेन्सिस’ हे नाव दिलं. पुढच्या काळात हे वेगळेपण फारसं कुणी मनावर घेतलं नाही. भारतभरचे पंखेवाले सरडे बराच काळ एकाच नावाखाली मोडत राहिले. चेन्नईच्या किनाऱ्यावरचा पांढुरक्या गळ्याचा सरडा आणि सह्याद्रीच्या माथ्यावरचा निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा एकच, असं मानून चालणं आज विचित्र वाटतं. पण संग्रहालयातल्या बाटलीत रंग उरत नाही. स्पिरिटमध्ये सगळेच सरडे करडे होतात, आणि बाटलीवरून अभ्यास करणाऱ्याला फरक दिसत नाही.

तो दिसायला माणसांना ऐन उन्हाळ्यात पठारांवर जावं लागलं. 2016 मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे नमुने, त्यांची शरीररचना आणि डीएनए तपासून एक नवा वंश आणि पाच नव्या प्रजाती जाहीर केल्या. वंशाचं नाव ‘सरडा’, थेट मराठीतून घेतलेलं. चाळकेवाडीच्या सरड्याला ‘सरडा सुपर्बा’ हे नाव मिळालं, जर्डनचा दख्खनी सरडा याच वंशात आला, आणि एका प्रजातीला चार्ल्स डार्विनचं नाव दिलं गेलं, कारण मादीच्या पसंतीतून नराचे रंग आणि नखरे कसे घडतात हा विचार डार्विनचा. पुढे येणाऱ्या गोष्टीत डार्विनचं नाव आणखी एका कारणाने येणार आहे.

हा पंखा जवळून पाहण्यासारखा आहे. नर एखाद्या वीतभर उंच दगडावर चढतो, पुढचे पाय ताठ करतो, मान वर घेतो. तोवर तो दगडाच्याच रंगाचा एक साधा तपकिरी सरडा असतो. मग घशातलं एक बारीक हाड पुढे ढकललं जातं आणि गळ्यापासून छातीच्याही मागे पोचणारी त्वचेची घडी फटकन उघडते: वर चकाकणारा निळा, मधे काळा, मागे नारिंगी. क्षणात मिटते. पुन्हा उघडते. उन्हाचा कोन बदलला की निळ्याची छटा बदलते, कारण तो निळा रंगद्रव्याचा नाही. त्वचेच्या पेशींमधल्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परततो तेव्हा तो दिसतो. शेजारच्या दगडावर दुसरा नर असेल तर तोही पंखा उघडतो, आणि कधी कधी दोघांची झोंबाझोंबी होते. मादी याच आवारात कुठेतरी असते. तिच्या पाठीवर तपकिरी चौकटींची नक्षी असते आणि ती हलली नाही तर समोर असूनही दिसत नाही.

हे सगळं पावसाच्या तोंडावर, मुख्यतः एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत चालतं. सरड्याचं रक्त बाहेरच्या उष्णतेवर चालतं, पण म्हणून तो हवामानाच्या हवाली नसतो. ही गोष्ट सप्रमाण दाखवली ती रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट यांनी 1944 मध्ये, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्यांवर. ऊन-सावलीत ये-जा करून, अंगाचा कोन बदलून, बिळात शिरून हे प्राणी शरीराचं तापमान एका ठरावीक पट्ट्यात राखतात, असं त्यांनी मांडलं. चाळकेवाडीचा नर सकाळी दगडावर येतो, तापलेल्या दुपारी झुडपाच्या मुळाशी जातो, उन्हं उतरली की परत येतो, तो याच हिशेबाने. दगडावर उभं राहून रंग दाखवायला त्याच्याकडे दिवसातले मोजके तास असतात. आणि नेमक्या त्याच तासांत आकाशातून पाहणाऱ्यालाही तो सगळ्यांत ठळक दिसतो. मादीला दिसायचं आणि कापशी घारीला दिसायचं नाही, हे एकाच वेळी साधत नाही. पंखा मिटवता येणं, पाठ दगडाच्या रंगाची असणं आणि सावली पडताच पळणं या तीन गोष्टींवर त्याचा जीव टिकतो.

याच पठाराचा दुसरा इतिहास कागदावरचा आहे. जिथे नांगर चालत नाही, जिथून सारा मिळत नाही, ती जमीन महसूल खात्याच्या लेखी कमी दर्जाची. सातबाऱ्यावर तिला पोटखराब म्हणतात. खडकाळ, लागवडीला अयोग्य असा तिचा वर्ग. स्वातंत्र्यानंतर उपग्रहाच्या मदतीने पडीक जमिनींचे नकाशे झाले, त्यांतही ‘ओसाड खडकाळ’ असा स्वतंत्र प्रकार राहिला. या शब्दांमागे कुणाचा वाईट हेतू नव्हता. सारा गोळा करणाऱ्याने साऱ्याच्या नजरेने जमीन पाहिली. पण एकदा कागदावर जमीन ओसाड ठरली, की तिथे कोण राहतं हा प्रश्न विचारायची गरजच कुणाला पडत नाही.

अशा वेळी वारा कामाला आला. भारतातली पहिली प्रात्यक्षिक पवनऊर्जा केंद्रं 1986 मध्ये किनारपट्टीवर उभी राहिली. त्यांत आपली रत्नागिरी होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याने पवनऊर्जेला विक्रीकरात सवलत दिली, केंद्राने गुंतवणुकीवर सुरुवातीलाच भरघोस घसारा दाखवून कर वाचवायची मुभा दिलेली होती, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या थेट वाटेवर असलेल्या साताऱ्याच्या पठारांवर पवनचक्क्यांची रांग लागली. वनकुसवडे, ठोसेघर, चाळकेवाडी ही नावं देशाच्या पवनऊर्जेच्या नकाशावर आली. कोळशाविना वीज ही त्या काळात मोठीच गोष्ट होती आणि आजही आहे. मी पवनऊर्जेच्या विरोधात नाही. पण मनोरे उभारण्याआधी त्या पठारावर पक्षी किती, सरडे किती, कुठल्या महिन्यात काय घडतं, याची शिरगणती व्हायला हवी होती. पडीक जागेची शिरगणती कोण करणार?

म्हणून संशोधकांना वेगळी वाट धरावी लागली. पठाराचा पवनचक्क्या असलेला भाग आणि त्याच्या शेजारचा, खडक-गवत-उतार सारखेच असलेला पण पवनचक्क्या नसलेला भाग, यांची त्यांनी तुलना केली. पवनचक्क्या इथे पुष्कळ वर्षं फिरत असल्यामुळे परिणाम मुरायला वेळ मिळाला होता. कापशी, तिसा आणि बझर्ड हे इथले शिकारी पक्षी पवनचक्क्यांच्या बाजूला कमी दिसले आणि त्यांनी सरड्यांवर घातलेल्या झडपाही कमी नोंदल्या गेल्या.

इथे भीतीच्या अभ्यासाचा इतिहास कामाला येतो. गालापागोस बेटांवर 1835 मध्ये डार्विनने एका समुद्री इग्वानाला, म्हणजे समुद्रात पोहणाऱ्या मोठ्या सरड्याला, पुन्हा पुन्हा पाण्यात फेकलं, आणि तो दर वेळी पोहत त्याच्याच दिशेने किनाऱ्यावर परत आला. डार्विनने कारण शोधलं ते असं: या प्राण्याला किनाऱ्यावर शत्रू नाही आणि समुद्रात शार्क आहेत, म्हणून संकटात जमीन गाठायची हे त्याच्या अंगात भिनलेलं आहे. दीडशे वर्षांनी, 1986 मध्ये, रोनाल्ड येडनबर्ग आणि लॉरेन्स डिल यांनी या गोष्टीला हिशेबाचं रूप दिलं. पळण्याचीही किंमत असते. पळणारा प्राणी खाणं सोडतो, जोडीदार सोडतो, ऊन सोडतो. म्हणून प्राणी शिकारी दिसताक्षणी पळत नाही. थांबण्याचा धोका पळण्याच्या किमतीपेक्षा वाढतो त्या अंतरावर पळतो. तेव्हापासून हे अंतर मोजणं ही भीती मोजायची सोपी रीत झाली: एका चालीने प्राण्याकडे चालत जायचं आणि तो निघाला की अंतर मोजायचं. 66 प्रजातींच्या सरड्यांची आकडेवारी एकत्र करून 2014 मध्ये दाखवण्यात आलं की बेटांवरचे सरडे मुख्य भूमीवरच्या भाऊबंदांपेक्षा माणसाला जास्त जवळ येऊ देतात.

भीतीचा दुसरा माग रक्तात लागतो. संकट आलं की सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिकोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) रक्तात येतं, साठवलेली ऊर्जा मोकळी करतं आणि अंग पळायला वा झुंजायला तयार होतं. प्राणी हातात आल्यापासून काही मिनिटांतच त्याची पातळी चढू लागते, म्हणून पहिला नमुना झटपट घ्यावा लागतो आणि ताणानंतरचा नमुना वेगळा. गालापागोसच्याच समुद्री इग्वानांवर 2007 मध्ये झालेल्या कामात दिसलं की ज्यांनी कधी शिकारी पाहिला नव्हता त्यांचा पाठलाग करूनही हे संप्रेरक वाढलं नाही. एकदा पकडले गेल्यावर मात्र ते वाढू लागलं, पण पळायचं अंतर नव्या शिकाऱ्यांपासून जीव वाचवण्याइतकं वाढलं नाही.

चाळकेवाडीला सापडलेलं चित्र याच वळणाचं आहे. पवनचक्क्यांखालच्या सरड्यांमध्ये ताणाला मिळणारा कॉर्टिकोस्टेरॉनचा प्रतिसाद कमी होता आणि माणूस बराच जवळ आल्यावर ते पळत होते. म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावर, चहूकडे जमीन असताना, एक बेट तयार झालं होतं. समुद्राच्या जागी फिरती पाती, एवढाच फरक.

भीती गेली ही चांगली गोष्ट, असं पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटू शकतं. वरून झडप पडत नाही, ताण कमी, संख्या वाढलेली. सरड्याचं भलंच झालं! पण त्याच सरड्यांचं वजन त्यांच्या लांबीच्या मानाने कमी भरलं. किड्यामुंग्या आणि नाकतोडे आहेत तेवढेच आणि खाणारी तोंडं जास्त, असा संशोधकांचा तर्क आहे. नरांच्या पंख्यावरचे रंगही फिके होते. मला या अभ्यासातली ही नोंद सगळ्यांत महत्त्वाची वाटते. गळ्याचा रंग म्हणजे मादीला दिलेली प्रकृतीची खबर. ती फिकी झाली की मादी कुणाला आणि कशावरून निवडते, पुढच्या पिढीत काय जातं, हे सगळं हलतं. घारीने न उचललेल्या सरड्याच्या अंगातही तिच्या नसण्याचा परिणाम असा उतरतो.

पवनचक्क्या आणि वन्यजीव हा वाद जगात ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियाच्या आल्टमाँट पासमध्ये सुरू झाला. तिथे सोनेरी गरुड पात्यांना धडकून मरत होते. तेव्हापासून नुकसान मोजायचं म्हणजे मनोऱ्याखाली मेलेले पक्षी मोजायचे, अशी पद्धत पडली. चाळकेवाडीने ती पद्धत किती तोकडी आहे हे दाखवलं. इथे खाली एकही मेलेला पक्षी सापडला नसता, तरी पक्षी ती जागा टाळतात एवढ्याने दोन पायऱ्या खालचा सरडा बदलला असता. आपल्या नियमांत हे अजून उतरलेलं नाही. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेश नाही, त्यामुळे त्यांना ती मंजुरी लागत नाही. आणि 2016 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने त्यांना ‘पांढऱ्या’ म्हणजे प्रदूषण न करणाऱ्या उद्योगांच्या यादीत टाकलं. धुराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. सरड्यासाठी मात्र त्या यादीत रकाना नाही.

‘सरडा सुपर्बा’ला नाव मिळाल्यापासून आणखी एक गोष्ट वाढली आहे. मे महिन्यात कॅमेरे घेऊन माणसं चाळकेवाडीला येतात. सरड्याला चांगल्या दगडावर हुसकणं, मागची पार्श्वभूमी साफ दिसावी म्हणून दगड हलवणं, एकाच नराभोवती घोळका करणं, हे प्रकार होतात. ज्याच्याकडे रंग दाखवायला दिवसातले मोजकेच तास आहेत, त्याचे तास आपण खातो. आणि हललेल्या दगडाखाली पाल असते. पोटावर झोपून, दुरून, दगडाला हात न लावता काढलेलं छायाचित्रही उत्तम येतं. तसं काढणारी जाणती माणसं साताऱ्यात आहेत आणि नवख्यांनी त्यांच्याबरोबर जावं.

आता पुढचा टप्पा येऊ घातला आहे. नव्वदच्या दशकातल्या आणि त्यानंतर लगेच उभारलेल्या लहान पवनचक्क्यांचं आयुष्य संपत आलं आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्या काढून त्या जागी अधिक क्षमतेच्या बसवण्याचं सुधारित धोरण जाहीर केलं. साताऱ्याची पठारं अशा जुन्या जागांमध्येच मोडतात. नवे मनोरे संख्येने कमी पण उंचीने मोठे असतील, पाती लांब असतील, ती वर न्यायला रस्ते रुंद करावे लागतील, पायासाठी जांभा पुन्हा खोदला जाईल. पात्यांची संख्या घटल्यावर कापशी आणि तिसा परततील का, की उंच मनोऱ्यांपासून आणखी लांब राहतील, हे तिथे जाऊन मोजल्याशिवाय कळणार नाही. त्यासाठी पहिला जुना मनोरा उतरवण्याआधीचा किमान एक पूर्ण उन्हाळा मोजणीत हवा: पक्षी, सरड्यांची संख्या, त्यांची वजनं, नरांचे रंग आणि माणूस जवळ आल्यावर ते किती अंतरावर पळतात ते.